अकरा पावत्या

१

रशीद मुल्लाणीच्या उचगावातल्या घराच्या दारावर बँकेनं कागद डकवला तो मंगळवारी. बुधवारी रशीदनं सख्ख्या भावाच्या कानाखाली जाळ काढून त्याला घराबाहेर घातलं. आणि गुरुवारी सकाळी वकील पवित्रा हत्तरगी त्याच दारात उभी राहून तो कागद वाचत होती.

असले कागद तिनं शेकड्यांनी वाचले होते. घर बँकेकडे गहाण. अकरा हप्ते थकलेले. साठ दिवसांच्या नोटिशीला उत्तर नाही. सबब बँकेनं घराचा कागदोपत्री ताबा घेतला आहे. आता पुढची पायरी लिलावाची.

"खोटा हाय ह्यो कागद, मॅडम," रशीद मागून म्हणाला. "एक हप्ता चुकलेला न्हाय. एक बी."

हे घर आपण वाचवलं, असं पवित्रा जुनिअर वकिलांना जरा अभिमानानं सांगत असे. रशीदचा शिरोली एमआयडीसीत पॅटर्नचा कारखाना होता. फौंड्रीत ओतकाम करायच्या आधी लाकडाचा हुबेहूब नमुना लागतो, तो हा बनवायचा. मोठं गिऱ्हाईक बुडालं, त्याच्याबरोबर रशीदची बिलं बुडाली आणि लाकूडवाल्यापासून पतसंस्थेपर्यंत सगळे दारात येऊन बसले. तीन वर्षांपूर्वी पवित्रानं त्याच्या वतीनं नादारीचा अर्ज केला. कोर्टानं त्याला नादार ठरवलं, यंत्रं विकली, आलेले पैसे धनकोंत वाटले आणि गेल्या वर्षी उरलेल्या देण्यांतून त्याला मोकळं केलं. घर मात्र या सगळ्याच्या बाहेर राहिलं. ते आधीच बँकेकडे तारण होतं आणि विकून बँकेचं भागवल्यावर फारसं काही उरणार नव्हतं, म्हणून कोर्टाच्या रिसीव्हरनं त्याला हात लावला नाही. "हप्ता भरत राहा, घर राहील. थांबलात, की जाईल," असं तिनं रशीदला बजावलं होतं. आणि रशीद फौंड्रीत नोकरी धरून हप्ता भरत राहिला होता.

"खिजरला का मारलंत?"

"हप्ता भराय अम्माला बँकेत कोण न्यायचं? त्योच. आन् पाच महिन्यामागं त्यानं टेंपो घेतला. कुठनं आला पैसा?" रशीदनं पत्र्याचा डबा तिच्यापुढं ठेवला. "ह्या बगा पावत्या. सगळ्या हायत. शिक्क्यासकट."

पवित्रानं पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. पंचवीस पावत्यांवर कर्जखात्याचा नंबर होता. पुढच्या अकरांवरही बँकेचा अस्सल शिक्का होता, पण नंबर दुसराच होता. आणि तो अकराही पावत्यांवर एकच होता.

पैसे बँकेत गेले होते. फक्त ते कर्जात गेले नव्हते.

२

"हे कधी बघितलं नाहीत तुम्ही?"

"शिक्का बघायचो, मॅडम." रशीदची मान खाली गेली. "आकडं कोण बघतंय? घरातलीच माणसं की."

त्यानं पगाराच्या दिवशी पैसे आईच्या हातात ठेवायचे, आईनं बँकेत भरायचे, असा या घरचा नेम होता. नादारीच्या खटल्यात खातं गोठलं, तेव्हापासून रशीद खात्यातून आपोआप कापून जाणाऱ्या पैशाला घाबरत असे. धनकोंच्या फोनला कंटाळून त्यानं मोबाइलचा नंबरही बदलला होता, आणि तो बँकेला कळवायचं राहून गेलं होतं.

पवित्रा आत गेली. रशीदची बायको सुहाना शिवणयंत्रावर परकराला नाडीपट्टी घालत होती. तिची सासू हुसेनबी खाली बसून लसूण सोलत होती.

"चाची, हप्ता भरायला तुम्ही जात होता?"

"व्हय." हुसेनबीनं वर पाहिलं नाही. "खिजर गाडीवर न्यायचा. त्यो भाईर थांबायचा. मी आत जाऊन भरायची, शिक्का मारून आणायची."

"स्लिप कोण भरून द्यायचं?"

"पयल्यांदा मी घरातनं भरून द्यायची," सुहाना म्हणाली. "मग अम्मा म्हणाल्या, आता नको, तिथं कोण बी भरून देतंय."

खरं होतं. अकरा पावत्यांवर अकरा वेगवेगळी हस्ताक्षरं होती.

"आणि साठ दिवसांची नोटीस? पोस्टाच्या पोचपावतीवर तुमची सही आहे."

सुहानाचं यंत्र थांबलं. "सही मी केली. पाकीट फळीवर ठिवलं. ह्यांची रातपाळी चालू हुती, म्हटलं उठल्यावर देऊ. संध्याकाळी बघितलं तर न्हवतंच. मला वाटलं ह्यांनी घेतलं असंल." तिनं आवाज खाली आणला. "ह्यांना सांगू नका, मॅडम. मी परत इचारलं असतं तर ही पाळी आली नसती."

"घरात पैशाची ओढाताण चाललेली का? खिजरनं काही मागितलेलं?"

"न्हाय वो. उलट वरसभर जरा बरं चाललंय. बँकेनं हप्ता कमी केला न्हवं का? अम्मा दर महिन्याला एकशेचाळीस रुपये परत आणून द्यायच्या. मी ते गॅसला बाजूला टाकायची."

पवित्रानं ते कागदावर लिहून घेतलं. बँकेनं हप्ता कमी केल्याचं दारावरच्या कागदात कुठंही नव्हतं.

३

बँकेच्या वसुली विभागात धैर्यशील नावाचा तरुण अधिकारी होता. त्यानं अकरा पावत्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"नंबर आमच्याच बँकेतल्या बचत खात्याचा आहे, मॅडम. पण खातेदाराचं नाव सांगता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"खिजर मुल्लाणी?"

त्यानं पडद्यावर पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. "घरातल्या कुणाचंच नाही. एवढंही सांगायला नको होतं मी."

म्हणजे टेंपोचा प्रश्न मिटला. तरी पवित्राला हायसं वाटलं नाही.

"हप्ता कमी केला होता का तुम्ही?"

"नाही. अकरा हजार सहाशे चाळीस. पहिल्यापासून तेवढाच."

पावत्यांवर अकरा हजार पाचशे होते. दर महिन्याला.

"आणि अकरा महिने तुम्ही नुसती पत्रं पाठवत बसलात?"

"नाही हो." धैर्यशील दुखावला. "फोन लागेना म्हणून दोनदा स्वतः गेलतो. म्हातारी होती घरात. पाणी दिलं, बसवलं. मी हप्त्याचं काढलं तर म्हणाली, 'पावणं, आमचं आता कुणाचं देणं ऱ्हायलेलं न्हाय. कोर्टाला जाऊन इचारा.' मला वाटलं, कुणीतरी वकिलानं शिकवलंय."

पवित्रानं टेबलाची कड धरली. हे वाक्य तिनं कुठंतरी ऐकलं होतं. त्याहून वाईट म्हणजे, ते आपल्याच आवाजात ऐकल्यासारखं तिला वाटत होतं.

४

खिजर पन्हाळ्यावर सापडला. तहसील कचेरीजवळच्या हॉटेलांना भाजी टाकून तो टेंपोवर ताडपत्री बांधत होता. डावा गाल अजून सुजलेला होता. दोन रात्री टेंपोतच झोपला होता, ते शर्टावरून कळत होतं.

"टेंपोचे कागद बघायचेत? हे घ्या." त्यानं न विचारताच फाइल पुढं केली. सगळं हप्त्यावर होतं, आगाऊ रकमेला त्यानं मोटरसायकल विकली होती.

"हे भावाला का नाही दाखवलंत?"

"त्यानं ठरवलं हुतं की आधीच."

"तुम्ही नाही म्हणालात का त्याला? एकदा तरी?"

खिजर दोरीची गाठ आवळत राहिला. पवित्रानं वीस वर्षांत खोटे आळ आलेली माणसं पाहिली होती. ती ओरडतात, शपथा घेतात, कागद तोंडावर फेकतात. हा माणूस खिशात पुरावा ठेवून मार खात उभा राहिला होता.

"तुम्हाला माहीत आहे पैसे कुठं गेले ते."

"मला काय ठावं न्हाय. मी भाईर थांबायचो."

"पण कुणी केलं ते माहीत आहे."

"मॅडम, लिवा की माझं नाव," तो एकदम म्हणाला. "भाई माझा हाय. वरीस-दोन वरीस बोलणार न्हाय, मग बोलंल. माझ्यावर राग धरला तर चालतंय. पर मी न्हाय म्हटलं असतं, तर त्यानं पुढचं नाव कुणाचं घेतलं असतं? घरात ऱ्हायलंय कोण?"

एवढं बोलून तो गाडीत बसला आणि काच वर केली.

५

ऑफिसात येऊन पवित्रानं दार लावून घेतलं आणि अकरा पावत्या टेबलावर मांडल्या.

पैसे हुसेनबीनंच दुसरीकडे भरले, याबद्दल आता शंका नव्हती. सुहानाचं अक्षर तिनं टाळलं, कारण सुहानानं नंबर ओळखला असता. फळीवरचं पाकीटही तिनंच उचललं. पण ही चोरी म्हणावी, तर असली चोरी पवित्रानं पाहिली नव्हती. चोर पावत्या फाडतो, हिनं त्या डब्यात जपून ठेवल्या. आणि ते एकशेचाळीस रुपये? बँकेचा हप्ता आडनिडा असतो. माणूस माणसाला देतो तेव्हा रक्कम सरळ करून देतो. उरलेले एकशेचाळीस हुसेनबीला स्वतःकडे ठेवायचे नव्हते, म्हणून तिनं ते सुनेला परत केले. ती कुणाचं तरी देणं फेडत होती.

पहिल्या पावतीची तारीख पवित्रानं पुन्हा पाहिली. कोर्टानं रशीदला देण्यांतून मोकळं केलं, त्याच्या पुढच्याच महिन्यातली ती होती.

तिनं कागदावर गुणाकार केला. साडेअकरा हजार, अकरा वेळा. एक लाख साडेसव्वीस हजार. मग कपाटातून रशीदच्या नादारीची स्वतःची फाइल काढली आणि धनकोंची यादी उघडली. मोठमोठे आकडे होते त्यात. सर्वांत खाली, तिच्याच हस्ताक्षरात, एक लहान नोंद होती. रुद्राप्पा बसवंत कडेमनी, कारागीर. हातउसने, कागद नाही. एक लाख सव्वीस हजार पाचशे.

आणि मग तिला कोर्टाच्या पायऱ्या आठवल्या.

आदेश झाला होता. रशीद आत नकलेच्या अर्जावर सही करत होता. तिला दुसऱ्या कोर्टात पुकारा होता, हातात फाइलींचा गठ्ठा होता. हुसेनबीनं पदर सावरत विचारलं होतं, "पोरी, झालं का सगळं?" आणि ती चालता चालता म्हणाली होती, "झालं, चाची. आता कुणाचं काही देणं राहिलेलं नाही. कुणी आलं दारात, तर कोर्टाला विचारा म्हणून सांगा."

बँकेचं गहाण तेवढं शिल्लक आहे, हे सांगायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं.

६

रुद्राप्पा आता गडहिंग्लजला राहत होता. पवित्रा दारात दिसली तशी त्याच्या बायकोनं, गंगव्वानं, घोंगडं अंथरलं. डोळ्याच्या ऑपरेशनचा हिरवा कपडा अजून तिच्या कपाळावर बांधलेला होता.

"सतरा वर्सं पॅटर्न केलं रशीदबरूबर," रुद्राप्पा म्हणाला. "त्याचं धंद्यात अडलं तवा हिचं सोन्याचं डाग मोडून पैसं दिलं. कागद कशाला करायचा? आक्काच्या हातची भाकरी खाल्ली की मी सतरा वर्सं." हुसेनबीला तो आक्का म्हणत असे.

"कोर्टात तुम्ही आला होता. दावा नाही सांगितलात."

"सांगून काय करायचं हुतं? त्याच्याकडं व्हतं काय? आदेश झाला, मी भाईर आलो. आक्का पायरीवर हुती. तिनं माझ्याकडं बघितलं न्हाय, मॅडम. तेच लागलं मला. पैशाचं न्हाय." त्यानं पासबुक आणून दाखवलं. "मग पैसं याय लागलं. आमचा पगार जमा व्हायचा त्याच खात्यावर. म्हटलं, रशीदनं शब्द राखला. मी फोन न्हाय केला. म्हटलं, उगं त्याला लाजवायचं."

"ते पैसे रशीदनं पाठवले नव्हते. ते घराच्या हप्त्याचे होते. आता घराचा लिलाव होणार आहे."

रुद्राप्पानं पासबुक मिटलं. गंगव्वानं त्याला कानडीत काहीतरी विचारलं. त्यानं सांगितलं, तशी तिनं कपाळावरचा हिरवा कपडा सोडून मुठीत धरला.

"हिच्या डोळ्याला गेलं त्यातलं," तो म्हणाला. "आन् पत्रं घातलं घरावर. मी खाल्लं की हो आक्काचं घर."

७

शनिवारी दुपारी पवित्रा उचगावात गेली. रशीद, सुहाना आणि हुसेनबी, तिघंही घरात होती.

"खिजरनं एक रुपया घेतलेला नाही," तिनं सुरुवात केली. "घरातल्या कुणीच घेतलेला नाही. रशीदभाई, कोर्टानं तुम्हाला मोकळं केलं तेव्हा ज्यांच्याकडे काही तारण नव्हतं त्यांचं देणं संपलं. त्यात रुद्राप्पांचं पण संपलं. बँकेकडे घर गहाण होतं, तिचा घरावरचा हक्क तसाच राहिला. हे मी तुम्हाला सांगितलं होतं. पण एका माणसाला मी..."

"थांब, पोरी." हुसेनबी उठून उभी राहिली. "मी सांगते. पैसं मी भरलं. रुद्राप्पाच्या खात्यावर. त्याच्या पगाराची जुनी चिठ्ठी हुती घरात, तिच्यावरचा नंबर दावून स्लिप भरून घ्यायची."

रशीद ताडकन उठला.

"त्याच्या बायकोच्या अंगावरचं सोनं आपल्या कारखान्यात गेलं. कोर्ट म्हणालं, द्यायला नको. आरं, असं कसं द्यायला नको? मला वाटलं, कोर्टानं सगळ्यांचंच सोडवलं, मग बँक कशाचं घेती? बँकेचं सुटलं तर तिचं काय जातंय? रुद्राप्पाचं सुटलं तर त्याचं घर जातंय. म्हणून त्या पैशातनं त्याचं फेडलं. नोटीस आली ती मीच उचलली. वाचता येत न्हाय, पर शिक्का बँकेचा हुता, तेवढं कळलं. वाटलं, उगं भेडसावत्यात."

"अम्मा, मला का न्हाय सांगितलंस?"

"तू म्हणला असतास, आधी घर बघू." हुसेनबी म्हणाली. "ते काय न्हाय रं. मी चुकले ते त्यात न्हाय चुकले. बुधवारी तू खिजरवर हात टाकलास, तवा कळलं मला, काय झालंय ते. आन् मी गप बसले. पोरगं मार खात हुतं, माझ्याकडं बघत हुतं, आन् मी गप बसले. माझ्या तोंडातनं शब्द न्हाय फुटला."

मग पवित्रानं कोर्टाच्या पायरीवरचं सगळं सांगितलं. गठ्ठा, पुकारा, घाई, काही न वगळता. "चाचींना मी सांगितलं की कुणाचंच देणं नाही. त्या माझ्या शब्दावर चालल्या. दोष माझा आहे."

"तू खोटं न्हाय बोललीस," हुसेनबी म्हणाली. "अर्धं बोललीस."

रशीद भिंतीला टेकून खाली बसला. "मॅडम, खरं सांगू? त्या दिवशी रुद्राप्पाला मी बी बघितलं हुतं. मागच्या दारानं गेलो मी. वरीसभर हप्ता भरताना वाटायचं, ह्यो पैसा त्याचा हाय. पर घर जाईल म्हणून गप भरत ऱ्हायलो." त्यानं उजवा हात उघडून पाहिला. "आन् मारलं कुणाला मी? खिजरला."

८

धैर्यशीलनं वरिष्ठांपुढं शब्द टाकला. थकबाकी, दंड आणि नोटिशीचा खर्च पंधरा दिवसांत आला, तर बँक ताबा मागे घेऊन कर्ज पुन्हा सुरळीत करायला तयार झाली. रुद्राप्पा उरलेले पस्तीस हजार घेऊन स्वतः आला. कायद्यानं ते त्याच्याकडून कुणी मागू शकत नव्हतं. हुसेनबी ते घेईना, तेव्हा गंगव्वानं ते सुहानाच्या यंत्राच्या खणात ठेवले आणि खण लावून टाकला. रशीदनं फौंड्रीतून उचल घेतली. राहिलेले पवित्रानं भरले. खटल्याची फी परत करतेय, असं ती म्हणाली. रशीदनं हरकत घेतली नाही, आणि त्यानं हरकत घेतली नाही म्हणून तिला जरा श्वास घेता आला.

बँकेचं पत्र हातात आलं त्या दिवशी हुसेनबी म्हणाली, "मला पन्हाळ्याला ने."

पवित्राच्याच गाडीतून, रशीदला घेऊन, तिघं गेली. खिजर हॉटेलामागं रिकामी पोती झटकत होता. आईला चढ चढून येताना पाहून तो धावत आला.

"अम्मा, तू कशाला आलीस? फोन करायचा."

"फोनवर बोलायचं न्हवतं." ती दम खात उभी राहिली. मग तिनं सुनावणीला उभं राहिल्यासारखं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तू माझ्यासाठनं गप बसलास, ते मला ठावं हुतं. तरी मी बोलले न्हाय. मला भ्या वाटलं, रशीद मला काय म्हणंल."

खिजरनं हातातलं पोतं खाली टाकलं. त्यानं आईचा हात धरून तिला पोत्यांच्या थप्पीवर बसवलं आणि पाण्याची बाटली दिली.

रशीद चार पावलांवर थांबला होता. "घरला चल," तो म्हणाला. "चूक झाली माझी."

"तू इचारायचं हुतंस, भाई. मारायच्या आधी एकदा इचारायचं हुतंस."

"व्हय."

खिजरनं गाल चोळला. सूज कधीच उतरली होती. "शुक्रवारी जेवाय येतो," तो म्हणाला. "ऱ्हायला न्हाय. इथं खोली बघितलीय मी."

"बरं," रशीद म्हणाला.

परतताना घाटातलं वाघबीळ मागं पडलं, तेव्हा मागच्या सीटवरून हुसेनबीनं विचारलं, "शुक्रवारी म्हणाला न्हवं?"

"व्हय, अम्मा."

"आज वार काय?"

रशीदला आठवेना. पवित्रानं रस्त्यावरून नजर न काढता सांगितलं, "सोमवार, चाची."

हुसेनबीनं बोटांवर चार दिवस मोजले, आणि मग पुन्हा एकदा मोजले.